राजेसाहेबांची रेघ आणि चिपचा दुसरा कान

"हूंऽऽऽ!"

राजेसाहेबांनी स्वतःच्या कारखान्यातल्या यंत्रात भाषण केलं, ते परत लावून ऐकलं, तर भाषणाआधी हूं, भाषणात हूं आणि भाषण संपल्यावरही हूं!

"सरपोतदार!" राजेसाहेब गरजले. "आमच्या आवाजात ही म्हैस कोण घातली?"

राजेसाहेब म्हणजे निंबाळगडचे तेजसिंगराव. त्यांचं संस्थान आजोबांच्या काळातच विलीन झालं होतं, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचवायची हिंमत अजून कुणाला झाली नव्हती. कारखान्यात बसस्थानकांवरच्या घोषणा रेकॉर्ड करायची यंत्रं बनत, आणि तोही राजेसाहेबांच्या मते दरबारच होता.

मुख्य इंजिनिअर सरपोतदारांना म्हैस कुठून आली ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यंत्रात नखाएवढी एक चिप होती, तिला दोन कान. एका कानाला मायक्रोफोनचा आवाज द्यायचा. दुसरा कान म्हणजे रेफरन्सची पिन. 'मायक्रोफोनपाशी कुणी बोलत नसताना जी खरखर असते ती ही' असं तिला त्या कानात सांगायचं. मग चिप पहिल्या कानातून दुसऱ्या कानातलं वजा करते आणि शुद्ध आवाज उरतो. म्हणून दुसऱ्या कानाची तार मायक्रोफोनच्याच ग्राउंडला, म्हणजे अर्थिंगच्या टोकाला, नेऊन जोडायची. चिप बनवणाऱ्यांनी तसं चित्र काढून छापलंसुद्धा होतं.

पण यंत्राचा नकाशा राजेसाहेबांनी जातीने तपासला होता! लाल पेन्सिल घेऊन त्यांनी दुसऱ्या कानापासून एक रेघ ओढली, ती थेट कोपऱ्यातल्या ग्राउंडला. त्या कोपऱ्यात पंखा आणि पॉवर सप्लाय रात्रंदिवस घुमत.

"जवळ पडतं," ते म्हणाले होते. "शिवाय मायक्रोफोनसारख्या फुटकळ वस्तूच्या दारात आमच्या चिपने का जावं?"

यावर सरपोतदार "वा!" म्हणाले होते आणि त्यांनी रेघेसकट तश्शीच सर्किटं छापून घेतली होती.

आता ते चाचरत म्हणाले, "महाराज, ती रेघ जरा..."

"आमच्या रेघेचं काय?"

"काही नाही, महाराज. फार ठळक आली आहे."

"मग ऐका! सोमवारी खरेदीदार येताहेत. तोवर ही म्हैस गेली पाहिजे. आणि आमची रेघ कुणी पुसायची नाही, तोडायची नाही, सरकवायची नाही! जमलं नाही तर जुळणी विभागाला कुलूप. तिथे आम्ही घोडे बांधू!"

घोडा एकच होता, आणि तोही वरातींना भाड्याने जायचा. पण कुलूप खरं होतं. जुळणी विभागातल्या बायकांचे चेहरे उतरले.

सरपोतदारांनी उपाय सुरू केले. पंखा बदलला. खोक्याला आतून पत्रा ठोकला. शेवटी महाराजांनी जरा मोठ्याने बोलावं, असाही एक शास्त्रीय उपाय त्यांनी सुचवला. म्हैस जागची हलली नाही.

जुळणी विभागात केतकी मुळीक नावाची डिप्लोमा झालेली मुलगी होती. तिच्या पगारावर घर चालत होतं, आणि घोड्याला जागा करून देण्याची तिला मुळीच घाई नव्हती. ती सरळ राजेसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, रेघेला कुणी हात लावायचा नाही, हे कळलं. मायक्रोफोनला लावला तर चालेल?"

"त्याचं काय वाटेल ते कर! त्याला आम्ही सनद दिलेली नाही."

केतकी परत आली. तिने मायक्रोफोनच्या ग्राउंडची तार मूळ जागेवरून सोडवली, कोपऱ्यात नेली, आणि महाराजांची रेघ जिथे संपत होती त्याच टोकाला जोडून टाकली.

सरपोतदार हबकले. "अगं, असं कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही!"

"पुस्तकात महाराजही दिलेले नाहीत, साहेब."

सोमवारी खरेदीदार आले. राजेसाहेबांनी भाषण केलं. ते बरंच लांबलं, पण त्याला काही इलाज नव्हता. मग केतकीने बटण दाबलं. राजेसाहेबांचा आवाज आला, मधला खोकलाही आला. हूं मात्र नाही!

खरेदीदार माना डोलवू लागले. राजेसाहेबांचा चेहरा खुलला आणि लगेच कठोर झाला.

"रेघ सरकवलीस!"

"उघडून बघा, महाराज."

खोकं उघडलं. राजेसाहेबांनी भिंग लावून पाहिलं. रेघ जिथल्या तिथे होती.

"मग म्हैस गेली कुठे?"

"कुठेच नाही. कोपऱ्यातच आहे. चिपने मायक्रोफोनच्या दारात जाऊ नये, असा आपला हुकूम होता, म्हणून मायक्रोफोनलाच आपल्या चिपच्या दारात आणलं. आता कोपऱ्यातला गोंगाट दोन्ही कानांत सारखाच पडतो, म्हणून चिप तो वजा करते."

"आणि आधी?"

"आधी दोन कानांत दोन ठिकाणची खरखर पडायची. त्यातला फरक चिप वजा कसा करणार? तिला वाटायचं, ती हूं महाराजांच्या भाषणातलीच आहे!"

सरपोतदारांनी डोळे मिटून घेतले. खरेदीदार छताकडे बघू लागले.

राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. आणि मग ते असे हसले, असे हसले की भिंग हातातून टेबलावर पडलं.

"सरपोतदार, तुम्हाला हे का नाही सुचलं?"

उत्तर केतकीनेच दिलं. "साहेब चिपचा विचार करत होते, महाराज. मी आपला केला."

पुन्हा हसू! या वेळी खरेदीदारही हसले, आणि त्यांनी यंत्रांची मागणी तिथल्या तिथे पक्की केली.

"पोरी," राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "जुळणी विभाग चालू राहील. आणि तू आजपासून नकाशांच्या खात्याची प्रमुख!"

"आभारी आहे, महाराज. पण नकाशावरच्या रेघा?"

"त्या तू काढ. आम्ही नुसती सही करू."

"कुठे करणार, महाराज?"

राजेसाहेबांनी टेबलावरच्या नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"तू बोट ठेवशील तिथे!"