वीतभर सूत

झेलमच्या काठच्या एका गावात अहदू नावाचा शाल विणणारा कारागीर राहत होता. हात असा, की त्याची अख्खी शाल अंगठीतून सुळकन पार होई. गुण मोठा होता, आणि तोराही काही कमी नव्हता.

त्याच्यासाठी सूत कातायची म्हातारी फझीदेद. 'देद' म्हणजे त्या मुलखातली थोरली माय. सारे गाव तिला तशीच हाक मारी. उंच डोंगरावरच्या बकऱ्यांची पोटाखालची मऊ लोकर ती चरख्यावर कातू लागली, की धागा डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना जाणवे. गावाची एक रीत होती: एका शालीला एकाच हाताचे सूत.

एकदा राजाने आपल्या आईसाठी शाल सांगितली. थंडी पडायच्या आत हवी होती. अहदू मागावर बसला. शाल संपत आली, वीतभर विणायची उरली, आणि फझीदेद तापाने अंथरुणाला खिळली. सूत येईना. अहदूने चार दिवस वाट पाहिली. मग मनाशी म्हणाला, 'वीतभराने काय बिघडतंय?' शेजारच्या घरातून त्याने मेंढीच्या लोकरीचे बारीक सूत आणले आणि शेवट विणून टाकला. बघणाऱ्याला फरक कळेना. शाल अंगठीतूनही पार झाली. अहदू मिशीत हसला.

पण विणलेली शाल ओढ्यावर धुवावी लागते, आणि पाणी कुणाची भीड धरत नाही. शाल वाळली, तेव्हा तेवढेच टोक आखडून बसले होते. मेंढीचे सूत आटले होते, बकरीचे आटले नव्हते. अहदूची पाचावर धारण बसली, कारण राजाचा कारभारी शाल न्यायला दारातच उभा होता.

"राजमातेला ही चुण्या पडलेली शाल देऊ?" कारभारी गरजला. "खोट कुणाची? ज्याची असेल, त्याने यापुढे शालीच्या कामाला हात लावायचा नाही!"

अहदूला मागाशिवाय दुसरे काही येत नव्हते. 

"विणकाम माझं चोख आहे, हुजूर," तो म्हणाला. "सूत फझीदेदचं. एका शालीला एकच हात, रीतच आहे आमची."

कारभाऱ्याने म्हातारीला बोलावणे धाडले. ती काठी टेकत आली. अंगात अजून ताप होता. तिने शालीचे टोक हातात घेतले, दोन बोटांत धागा चोळला. साठ वर्षे सूत कातलेल्या बोटांना कळायचे ते कळले. तिने अहदूकडे पाहिले. अहदूने मान खाली घातली.

"माझंच असेल, हुजूर," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हातारी झाले, बोटं चुकली असतील. चरखा बंद करते मी. याचा माग तेवढा चालू राहू दे. घरात खाणारी तोंडं आहेत."

मग पदराआडून सुताची एक लहानशी गुंडी काढून तिने अहदूच्या हातावर ठेवली. "उशीर झाला रे बाबा. आज सकाळीच पुरं झालं. तुझ्या त्या वीतभरासाठी."

तापात कातलेले ते सूत तळहातावर असूनही जाणवत नव्हते, इतके हलके होते. अहदूला हुंदका फुटला. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"हुजूर, ही माझ्यासाठी खोटं बोलतेय!" तो ओरडला. "ते सूत मेंढीचं आहे. आणलं मी, विणलं मी, आणि नाव हिचं घेतलं. माग माझा बंद करा!"

गोष्ट राजमातेच्या कानावर गेली. तिने दोघांना बोलावले, शाल पाहिली आणि कात्री मागवली.

"वय झालं, मीही वाकून वीतभर बुटकी झालेय," ती हसून म्हणाली. "शालही वीतभर आखूड चालेल. किनार मात्र त्या तापातल्या सुताची हवी, आणि ती यानेच घालायची. खरं बोलला आहे, माग राहू दे त्याचा."

कापलेला तुकडा अहदूने मागाच्या वर टांगून ठेवला. पुढे कुणी त्याच्या हाताची तारीफ केली, की तो आधी तो तुकडा दाखवी आणि मग फझीदेदच्या घराकडे बोट करी.

तात्पर्य: चूक कबूल केली तर वीतभर कापड जाते; दुसऱ्याच्या माथी मारली तर जिवाभावाचे माणूस जाते.