खोप्याला तोंड एकच

पाखरं आणि जनावरं उन्हाळ्यात एकाच कोठारावर जगत, तेव्हाची ही गोष्ट. ते कोठार खोप्यासारखं विणायचं काम सुगरणीकडे आलं.

सकाळी खारूताई येऊन म्हणाली, "दाणे अगदी काठोकाठ भरता आले पाहिजेत." संध्याकाळी उंदीरमामा आले. "खोप्याचं तोंड खाली ठेव गं, म्हणजे वरून धामण शिरणार नाही." सुगरणीने दोघांनाही "बरं" म्हटलं.

सुगरणींची रीत अशी, की खोपा अर्धा झाला की आत बसून बघायचं, मगच पुढचं पातं ओवायचं. ती आत बसली, तिने खाली पाहिलं, तर उघड्या तोंडातून थेट जमीन दिसत होती. तिने दोघांनाही एकदमच बोलावून घेतलं.

"काम का थांबवलंस?" मामा चिडले. "उन्हाळा तोंडावर आलाय!"

"ताई, टाक आत एक मूठ," सुगरण म्हणाली.

खारूताईने बाजूच्या अर्धवट भिंतीवरून दाणे टाकले. ते खालच्या तोंडातून सरळ खाली उभ्या मामांच्या डोक्यावर सांडले.

"मग तोंड वर कर!" खारूताई फणकारली.

"म्हणजे धामणीला आवतणच!" मामा ओरडले. "दोन्ही कर गं, कसबी म्हणवतेस ना?"

सुगरण फांदीवर पाय रोवून बसली. "खोप्याला तोंड एकच असतं. सांगणारी तोंडं दोन आहेत. ती आधी एकमेकांकडे वळवा. तोवर मी चोचीत पातं धरणार नाही."

मग खारूताई पहिल्यांदाच मामांकडे वळली.

"मामा, ही धामण येते तरी कुठून हो?"