तिलकेची उडी

पूर्वी शूर्पारक बंदरात अरिंजय राजाचं राज्य होतं. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याच्या दरबारी सोमिल नावाचे अमात्य होते. राजा मनाचा मोठा, पण हौस म्हणाल तर तिला सुमार नाही. लोक खूश तर आपण खूश, असा त्याचा सरळ कारभार. आणि त्या दिवसांत शूर्पारकाचे लोक एका मासळीपायी अक्षरशः वेडे झाले होते.

मासळी तरी कशी? होडीएवढी लांब, काळीभोर, तुकतुकीत. डोळ्यामागं पांढराशुभ्र ठिपका, म्हणून तिचं नाव तिलका. लहान असताना ओहोटीला ती खाडीत अडकून पडली होती. कोळी भाले घेऊन धावले, तेव्हा सोमिलच आडवा आला. मारू नका, हिला पाळू, असं त्यानंच राजाला सुचवलं. मग खाडीच्या तोंडाशी दगडी तळं बांधलं, भोवती भिंत घातली, भिंतीवर लोकांना बसायला पायऱ्या केल्या. भरतीचं पाणी फटींतून आत यावं आणि ओहोटीला बाहेर जावं, म्हणून एक मोठी लाकडी उघाडी, म्हणजे वर उचलायचं दार, बसवली. तिलका वाचली. सोमिलाला त्याचा अभिमान वाटे, आणि वाटला तर त्यात वावगंही काही नव्हतं.

आता खेळ ऐका. ढोल घुमू लागला की एका पाणबुड्याची लेक कांचना तळ्यात सूर मारायची. तिलकेच्या पाठीवर मांड टाकून तिचा उभा पर दोन्ही हातांनी घट्ट धरायची. मग दोघी तळाशी गडप. सगळं तळं चिडीचूप. म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही श्वास अडकलेले. आणि एकदम पाणी फुटायचं, एवढी अजस्र मासळी पोरीसकट हवेत! लोक ताडकन उभे राहायचे, पागोटी उडायची, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारायची. परगावचे व्यापारी वारा अनुकूल असूनही जहाजं रोखून धरायचे, केवळ या उडीसाठी.

गर्दी मावेना, म्हणून भिंत चढवून वर आणखी पायऱ्या केल्या. तर नवल असं की तिलकाही आधीपेक्षा उंच उडू लागली. राजाला आनंदाचं भरतं आलं.

"पाहिलंस ना सोमिला?" तो म्हणाला. "भिंत वाढली की हिची उमेद वाढते. कौमुदी उत्सव होऊ दे, अजून एक थर चढवू. तिनं तोही गाठला, तर महामात्यपद तुझं."

सोमिलाचे पाय जमिनीवर ठरेनात. दुसऱ्या दिवशी दुपारीच तो नव्या थराची जागा बघायला भिंतीवर चढला. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. ढोल नाही, लोक नाहीत, उडीच्या बक्षिसाचे मासे घेऊन कुणी उभंही नाही. आणि तरी तिलका उडाली.

सोमिल चमकला. तेवढ्यात ती पुन्हा उडाली. तिचा एक डोळा भिंतीवरून पलीकडं लागला होता, समुद्राच्या बाजूला. सोमिलानं मान वळवून तिकडं पाहिलं. खाडीबाहेर, लाटा फुटतात त्याच्या पल्याड, काळे पर पाण्यातून उभे होते. एक नव्हे, अख्खं गोत होतं ते.

सोमिल धावत खाली आला आणि त्यानं कांचनेला तळ्याकाठी बोलावून घेतलं.

"ही रिकाम्या वेळीही उडते का गं?"

"रोजच. भरतीला जरा जास्तच," कांचना म्हणाली. "मला वाटायचं, सराव करते. पण अमात्य, भिंत वाढल्यापासून तिला अंदाज येत नाही. परवा कडेला घासली, पोट सोललंय. आणखी उंच केलीत तर ती दगडावर आपटून मरेल."

"सोडूया हिला?"

कांचनेचा चेहरा पडला. "आणि मग माझं काय उरेल?" एवढंच बोलून ती तिलकेच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

सोमिल तडक राजाकडं गेला. राजानं सगळं ऐकलं आणि पोट धरून हसला. "अरे, मासळी ती! तिला कसलं गोत नि कसली आठवण? तुला महामात्य व्हायचंय की नाही?"

"व्हायचं होतं, महाराज," सोमिल म्हणाला. "पण थर चढवण्याआधी एक करा. उत्सवात कांचनेबरोबर आपणही तिलकेच्या पाठीवर बसा."

राजाचे डोळे लकाकले. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही, याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

उत्सवाच्या दिवशी भर दुपारची भरती आली. भिंतीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. राजानं दागिने उतरवले, कासोटा कसला आणि घेतली की पाण्यात उडी! लोकांनी आकाश दणाणून सोडलं. राजाला काही झालं तर आपलं डोकं धडावर राहत नाही, हे सोमिल पुरतं जाणून होता. कांचना पुढं, तिच्या कमरेला विळखा घालून राजा मागं. ढोल थांबला. तिघंही पाण्याखाली गेली.

पाणी फुटलं आणि तिलका वर आली. राजा आनंदानं ओरडत होता. उडी पार माथ्याला पोहोचली तशी त्याची नजर भिंतीपलीकडं गेली, आणि ओरडणं तोंडातच विरलं.

"पुन्हा," पाण्यातून डोकं काढत तो म्हणाला.

दुसऱ्या उडीला त्यानं लोकांकडं पाहिलंही नाही. तो आणि तिलका एकाच दिशेला बघत होते. नंतर तो पायरीवर येऊन बसला. अंगातून पाणी निथळत होतं.

"तू सांगितलं होतंस," तो सोमिलाला म्हणाला.

"हो, महाराज."

"मी हसलो." राजानं तोंडावरून हात फिरवला. "उघाडी उघडा."

भिंतीवर कुजबुज उठली, मग कालवा झाला. कुणीतरी वरून ओरडलं, "मग आम्ही काय बघायचं?"

"समुद्र बघा," राजा म्हणाला. "इतका जवळ आहे."

लाकडी दार करकरत वर गेलं. पण तिलका दारापाशी येऊन थबकली. ते दार तिनं नेहमी बंदच पाहिलं होतं. ती मागं वळली, पुन्हा आली, पुन्हा थबकली. पाणी ओसरू लागलं होतं. थोडा वेळ गेला असता तर वाट कोरडी पडली असती. तेव्हा कांचना कुणाला न विचारता पाण्यात शिरली आणि पोहत दाराबाहेर गेली. तिथून तिनं पाण्यावर हात आपटला, जेवायला बोलवताना रोज आपटायची तसा. तिलका आली. कांचनेच्या खांद्याला अंग घासून तिच्याही पुढं गेली.

सगळी माणसं समुद्राच्या बाजूला लोटली. ढोलवाल्यांनी हात फोडून घेतले. एक उडी, शेवटची, म्हणून लोक गळा फाडत होते. तिलका उडाली नाही. पाणी कापत सरळ गेली. तिकडचे पर तिच्याकडं सरकले, आणि मग त्यातला तिचा कुठला हे कुणालाच सांगता येईना.

कांचना काठावर येऊन हमसून हमसून रडली. सोमिल तिच्याजवळ बसला.

"परत नाही ना येणार?"

"नाही, बाळ. येऊ नये."

महामात्यपद पुढं दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. सोमिलाला त्याची खंत वाटली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढच्या जन्मी बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, जेतवनातल्या विहारात नंदिक नावाच्या भिक्षूला सांगितली. नंदिकानं एक मैना पाळली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो तिचं बोलणं कौतुकानं ऐकवीत असे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "नंदिका, अरिंजय राजा म्हणजे तूच. कांचना म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि अमात्य सोमिल म्हणजे मी."

"आणि भंते, तिलका?" नंदिकानं विचारलं.

"ती तुझ्या पिंजऱ्यात आहे," शास्ते म्हणाले. "जीव लावला त्याला मोकळं करणं, हीच मैत्रीची पूर्णता, मैत्री पारमिता."