देवमनचा भाचा

“खोटं बोलतात सगळे. गोड, सोयीचं, वेणीफणी करून आणलेलं खोटं. आणि वर त्यालाच माया म्हणतात!”

एवढं बोलून प्रशिक थांबला. सकाळच्या थंडीतही त्याचे कान तापून लाल झाले होते.

भन्ते उपसेन विहाराच्या ओट्यावर बसून आपलं भिक्षापात्र राखेनं घासत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “सगळे म्हणजे कोण कोण?”

“सगळे म्हणजे सगळे. शेजारचे, ताई, दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा. सगळ्यांचा एकच सल्ला. ‘तिला बरं वाटेल असं बोल.’”

“आणि तू?”

“मी खरं तेच बोलतो.”

“हं...” भन्ते म्हणाले, आणि पात्राची कड घासू लागले. “बस की.”

प्रशिक बसला नाही. तत्त्वज्ञानात एम.ए. झालेला, पंचविशीतला पोरगा. वाद घालायचा तर तो उभ्यानंच, अशी त्याची सवय.

विहार तलावाच्या बांधाला लागून होता. समोर पिंपळ. पिंपळाच्या पारावर प्रशिकची आई, अंजनाबाई, रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मांडीवर एक गाठोडं, त्यावर दोन्ही हात. तिला घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून तो तिला बरोबर घेऊन आला होता.

अंजनाबाईंना विसर पडू लागला, तो आधी चष्म्याचा. मग दुधाचा. मग शेजारणींच्या नावांचा. मग नवरा गेला आहे, याचाच. असं मागं मागं जात त्या आता सासरी नव्यानं आलेली सून झाल्या होत्या. त्या काळी धान कापून झालं, की त्यांचा भाऊ त्यांना माहेरी न्यायला येई. देवमन. त्यांचा दादा. म्हणून त्या रोज सकाळी उठून गाठोडं बांधत आणि उंबऱ्यात बसून राहत.

देवमन कधीच तापानं गेला होता. प्रशिकचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

“दादा नाई आला अजून?” त्या विचारत.

“आई, मामा वारले,” प्रशिक सांगे. “फार जुनी गोष्ट आहे ती.”

आणि त्या रडत. आत्ता, या क्षणी बातमी यावी तशा. पदर तोंडात कोंबून, अंगाचं मुटकुळं करून. दुसऱ्या सकाळी सगळं पुसलेलं. पुन्हा गाठोडं, पुन्हा तो प्रश्न, पुन्हा ते उत्तर. देवमन एकदा मेला होता. त्या घरात तो रोज मरत होता.

कालपासून अंजनाबाईंनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. दुपारी गोंदियाहून त्याची मोठी बहीण, ताई, येणार होती. फोनवर ती ओरडली नव्हती, हेच वाईट होतं. शांतपणे म्हणाली होती, “तुझ्या खरेपणातून आईला सोडवून नेते, बाबा. परत मागू नको.”

प्रशिक ओट्याजवळ येऊन उभा राहिला.

“भन्ते, खोटं बोलणार नाही, हे शील मी रोज घेतो. तुमच्यासमोर घेतो. मग ते जगाशी पाळायचं आणि आईशी मोडायचं? असं कसं?”

“मी मोड म्हणालो का?”

“नाही.”

“मग माझ्याशी कशाला भांडतोस?”

“कारण तुम्हीच शिकवलंत! जे जसं आहे ते तसं बघा. मामा नाहीत. संपलं. त्यात दुःख असेल, तर असो.”

“कोणाला?”

“काय कोणाला?”

“दुःख. कोणाला असो?”

पिंपळाची पानं सळसळली. पारावर अंजनाबाईंनी मान उंच करून रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. एक सायकल आली आणि गेली.

भन्ते म्हणाले, “पौर्णिमेला विहारात तू फार छान बोललास हो. ‘मी’ नावाची गोष्ट उघडून बघितली, तर आत शरीर निघतं, सुखदुःख निघतं, आठवणी, सवयी, जाणीव निघते. ‘मी’ काही निघत नाही. किती टाळ्या पडल्या!”

“तुम्हालाही पटलं होतं.”

“अजून पटलेलंच आहे. आता देवमन उघडून बघ.”

“म्हणजे?”

“त्याचं शरीर?”

“मातीत गेलं.”

“नाव?”

“नाव... आईच्या तोंडात आहे.”

“मग पारावर बसून ती कशाची वाट बघते आहे? शरीराची?”

“भावाची.”

“भाऊ येऊन काय करतो?”

प्रशिकनं पाराकडे पाहिलं.

“नेतो,” तो हळूच म्हणाला. “न्यायला येतो.”

भन्तेंनी पात्र धुतलं आणि उन्हात पालथं ठेवलं.

पण प्रशिक एवढ्यात हार मानणाऱ्यातला नव्हता. “म्हणजे मी मामाचं सोंग घ्यायचं? धोतर नेसून दारात उभा राहू?”

“तुझ्या कमरेला धोतर टिकायचं नाही.”

“थट्टा करू नका, भन्ते.”

“नाही करत. पण मरणाची तार एकदाच पोचवायची असते रे. तू रोज नेऊन देतोस.” भन्तेंचा आवाज आता फार खाली आला होता. “का देतोस?”

“ते खरं आहे म्हणून.”

“तलावात पाणी आहे, हेही खरं आहे. ते तू तिला रोज सांगत नाहीस.”

प्रशिक पाराकडे बघू लागला.

भन्तेंनी विचारलं,

“ती रडते, तेव्हा तुला काय होतं?”

“वाईट वाटतं. अजून काय होणार?”

“आणि?”

“आणि काही नाही.”

भन्तेंनी पालथं पात्र उचलून पाहिलं, वाळलं का ते.

“बरं वाटतं,” प्रशिक म्हणाला, आणि स्वतःच दचकला. कुणी दुसऱ्यानंच बोलावं तसा तो शब्द बाहेर पडला होता. “त्या वेळी... ती माझ्याकडे बघते, भन्ते. माझा हात धरून रडते. एरवी तिच्यालेखी मी तिथं नसतोच. मला ‘अहो’ म्हणते. मला! ‘अहो, जरा पाणी देता का?’ मला, भन्ते. मी तिच्या कुशीत झोपलोय आठवीपर्यंत. पोरं चिडवायची मला...”

भन्तेंनी विचारलं, “उघडून बघितलं तर ‘मी’ निघत नाही, म्हणालास ना? मग हा कोण निघाला?”

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर ते टोचलं असतं. भन्ते ते असं म्हणाले, जसं अंधारात एखाद्या पोराला विचारावं, कोण आहे रे तिथं?

“माहीत नाही,” प्रशिक हुंदके देत म्हणाला. “रडतोय, एवढं खरं.”

“असू दे. हाकलू नकोस त्याला. त्यालाही बसायला दे.”

आणि भन्ते ओट्यावर थोडे सरकले.

प्रशिक बसला. किती तरी वेळ बसून होता. उन्हानं ओटा कोमट झाला. पाण्यावर बगळे उतरले, तेवढाच काय तो आवाज.

मग भन्ते उठले, चीवर सावरत पाराकडे गेले आणि अंजनाबाईंच्या पलीकडे बसले.

“भंतेजी,” अंजनाबाई लगेच म्हणाल्या, “माह्या दादाले पाह्यलं का जी इकडून येताना?”

ओट्यावर प्रशिकनं मान वर केली.

“नाही, बाई,” भन्ते म्हणाले. “आज काही दिसला नाही. कसा आहे दिसायला?”

“उंच आहे. काळासावळा. चालते तर असा, जसं मागं कोणी लागलं!” अंजनाबाई हसल्या. “माह्या सासरी आला का, पाणी घेत नाई. सासू म्हणते, बसा ना जी, चहा घ्या. तो म्हणते, आधी तिचं गाठोडं आणा. मले गाठोडं उचलूच देत नाई. सगळी वाट तोच धरते. आन् विचारत जाते, काय काय खाल्लं तिथं, कोण कोण रागावलं, सांग. मी सगळं सांगतो त्याले. घर येईपर्यंत मोकळी होतो मी, भंतेजी. पार मोकळी.”

प्रशिक ऐकत होता. मामाचं मरण त्यानं आईला इतक्यांदा सांगितलं होतं. मामा कसा होता, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

भन्ते उठले. जाता जाता त्यांनी पारावर पडलेला खराटा उचलला आणि ते पिंपळाखालची पानं झाडू लागले. त्यांनी प्रशिककडे पाहिलंसुद्धा नाही.

प्रशिक ओट्यावरून उतरला. पारापर्यंतची वाट लहानशीच होती. पण ती त्यानं हळूहळू कापली.

“चला,” तो म्हणाला. “न्यायला आलोय.”

अंजनाबाईंनी गाठोडं छातीशी घट्ट धरलं. डोळे बारीक केले.

“तुमी कोण?”

‘तुझा मुलगा’ हे ओठांवर आलं होतं. ते खरं होतं. पण त्या खऱ्याला आता तिच्याकडे दार नव्हतं. रोज तो तिथंच डोकं आपटत होता. ‘तुझा दादा’ म्हणणं सोपं होतं, पण ते त्याच्या जिभेवर कधी चढलंच नसतं. त्यानं आशेनं भन्तेंकडे पाहिलं. भन्ते पाठमोरे झाडत होते.

खराट्याचा आवाज येत राहिला. सर्र... सर्र...

मी कोण?

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न त्याला उत्तर पाठ नसताना पडला होता.

“मी...” तो पाराशी गुडघे टेकून बसला. आता ती वर होती आणि तो खाली. “मी देवमनचा भाचा.”

“दादाचा?”

“हो. दादाचा.”

अंजनाबाईंनी त्याला निरखून पाहिलं. एक हात गाठोड्यावरून सुटला, त्याच्या गालाकडे आला, पण गालाला न लागता कानाच्या पाळीपाशी थांबला. कान अजून गरम होता.

“आपलाच म्हण ना मंग!” त्या म्हणाल्या. “तवापासून असा परक्यावानी काहून बसला होता गा तिकडं? घे.”

आणि त्यांनी गाठोडं त्याच्या हातात दिलं.

घे, म्हणाल्या. घ्या नाही.

प्रशिकनं मान खाली घातली, गाठ पुन्हा पुन्हा घट्ट केली. ती आधीच घट्ट होती.

“जेवला का तू?” अंजनाबाईंनी विचारलं.

“नाही. तू?”

“मले भूकच नोती लागत तिथं.”

“घरी जाऊन दोघं जेवू.”

“भात मी टाकतो. तू नुसता बस. प्रवासातून आला.”

त्या पारावरून उतरल्या आणि बांधाच्या दिशेनं निघाल्याही. माहेरच्या वाटेला लागलेल्या बाईची चाल ती. काठी पारालाच टेकून राहिली. प्रशिकनं ती उचलली, गाठोडं काखेत मारलं आणि भन्तेंपाशी येऊन घुटमळला.

“भन्ते, मी बोललो ते... खरं होतं ना?”

भन्तेंनी खराटा थांबवला.

“ती पुढं गेली बघ,” ते म्हणाले.

प्रशिक धावला.

बांधावर त्यानं तिला गाठलं. काठी तिच्या हातात दिली आणि तिच्या चालीनं चालू लागला. बरंच अंतर मागं पडलं. मग त्यानं विचारलं,

“काय काय खाल्लं तिथं? कोण कोण रागावलं? सांग मला.”

अंजनाबाईंनी चालता चालता त्याच्याकडे पाहिलं. चेहराभर ऊन पडावं तसं झालं.

“खायाले काई कमी नाई तिथं. भात, वरण, सगळं. लोकं चांगले आहेत. फक्त एक पोरगा आहे घरात...”

“कसा आहे?”

“वाईट नाई गा. औषध देते, केस विंचरून देते. पण रोज काई तरी सांगते आन् रडवते मले. काय सांगते ते ध्यानात नाई राहत. रडल्याचं ध्यानात राहते.”

प्रशिकला वाट दिसेनाशी झाली. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

“मी बोलतो त्याच्याशी,” तो म्हणाला.

“रागावू नको त्याले. एकटाच आहे तो.”

“नाही रागावत.”

बांध संपतो तिथं परगावची एक ढिमरीण, तलावातले मासे-शिंगाडे विकणारी, शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. गिऱ्हाईक नव्हतं. म्हातारी बाई, तिच्या बाजूला गाठोडं घेतलेला तरुण, अशी दोघं येताना पाहून तिनं ओळख असल्यासारखं विचारलं, “कुठं निघाल्या जी मावशी?”

अंजनाबाई तिच्यासमोर थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या.

“न्यायले आले मले,” त्या म्हणाल्या. “घरी चालली.”

बाईनं त्यांचे पांढरे केस पाहिले. गाठोडं पाहिलं. प्रशिकचे ओले डोळे पाहिले. टोपलीतले ओंजळभर शिंगाडे उचलून तिनं अंजनाबाईंच्या पदरात टाकले, आणि मग, पाहुणी म्हणून आलेल्या बाईला न्यायला आलेल्याला म्हणावं तसं, ती प्रशिकला म्हणाली,

“इतक्यात नेता का जी? राहू द्या ना अजून थोडे दिवस.”