हौसाबाईंची बोटं

एका बाजाराच्या गावात एकदा एक वृद्ध परिचारिका आपल्या शिष्येला बरोबर घेऊन कर्करोगाच्या रुग्णांच्या घरोघर फिरत असे. औषधं देणं हे तिचं काम नव्हे, ते शहरातल्या इस्पितळाचं. उपचार चालू असताना त्या माणसाचं खाणंपिणं, येणंजाणं, घरचं-दारचं कसं चालेल, याचा आराखडा त्याच्याजवळ बसून करायचा, एवढंच तिचं काम. गाव तिला मोठ्या बाई म्हणे.

शिष्या हुशार होती. जरा जास्तच हुशार. तिच्याजवळ बत्तीस प्रश्नांचा छापील तक्ता असे. भूक लागते का, झोप येते का, दुखतं का. हो की नाही, खूण केली की पुढचा प्रश्न. एका सकाळी पाच घरं उरकायची. कुणी दुसरं काही बोलू लागलं की म्हणायची, "ते आपण शेवटी 'इतर'मध्ये लिहू हं." आणि 'इतर'चा रकाना तक्त्याच्या तळाला, बोटभर उंचीचा. त्यात माणसाचं मावणार काय, कपाळ!

हौसाबाई कासारणीचा तक्ता तिनं असाच भरला होता. हौसाबाईंच्या छातीतली गाठ काढलेली, सहा केमोंपैकी चार झालेले. बांगड्या भरण्यात त्यांचा हात असा, की आजूबाजूच्या गावांतल्या नवऱ्या मुली त्यांच्याच पुढ्यात बसायच्या. शिष्येनं लिहिलं, दुखतं का: नाही. सल्ला: संपूर्ण विश्रांती. सुनेनं हा सल्ला इतका मनावर घेतला, की बांगड्यांच्या पेट्या माळ्यावर टाकल्या आणि सासूला पलंगावर बसवलं.

पाचव्या केमोला चार दिवस उरले आणि सासूबद्दल सुनेचा निरोप आला, आत्याबाई इस्पितळात यायचं नाही म्हणतात.

उपचार अर्ध्यावर सोडला तर आजार पुन्हा डोकं वर काढण्याचा धोका, हे शिष्येला पुरतं ठाऊक होतं. दोघी तातडीनं निघाल्या.

"काय हो हौसाबाई, कंटाळलात का?" शिष्येनं विचारलं.

"कंटाळायला मी काय शाळेत जाते?"

"उलट्या होतात?"

"नाही."

"दुखतं कुठे?"

"नाही म्हणून मागंच लिहून नेलंस की. तेच वाच."

"मग यायचं का नाही?"

"नाही यायचं, झालं! चार घेतले, पुरे."

सून पदरानं डोळे पुसू लागली. शिष्येनं समजावलं, मग घाबरवलं, मग चक्क रागावली. हौसाबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

मोठ्या बाई सुनेला म्हणाल्या, "माळ्यावरची पेटी काढ गं." मग हौसाबाईंकडे वळल्या. "हौसा, या माझ्या पोरीला बांगड्या भर. हिरव्या. डझन-डझन."

शिष्या बघतच राहिली. इथं बाईचा जीव टांगणीला आणि यांना बांगड्या सुचतायत! बाईंचं वय झालं, दुसरं काय.

"बाई, ड्युटीवर बांगड्या चालत नाहीत आपल्याला."

"आज चालतात. बस खाली."

पेटी उघडताच हौसाबाईंचे डोळे लकाकले, आणि लगेच विझले. "आज नको, सिस्टरबाई."

"का? हिचे हात पसंत नाहीत?"

"हात कसले, सरपण आहे," हौसाबाईंना हसू आलं. त्या पुढे सरकल्या.

"मला दोन-चारच्या मापाच्या लागतात," शिष्या म्हणाली.

"तू गप गं. माप हातानं सांगायचं असतं, तोंडानं नाही."

हौसाबाईंनी तिचा हात घेतला, अंगठा तळव्यात दुमडला, सांधे दाबले. सोडले. पुन्हा दाबले. पहिली बांगडी सांध्यावर कट्कन फुटली. दुसरीही फुटली. तिसरीनं शिष्येच्या हातावर रक्ताची रेघ उमटवली. हौसाबाईंनी दोन्ही हात मांडीत मिटून घेतले.

"बोटांना कळत नाही गं पोरी. आधी मुंग्या यायच्या, आता तेही नाही. हातात तुझा हात आहे की फडकं, समजत नाही. तिसऱ्या केमोपासून असं. पाचव्यात उरलंसुरलं जाईल. बोटं गेल्यावर या पलंगावर बसून मी जगून करू काय?"

"अहो, पण मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तू दुखतं का विचारलंस. दुखत नाही, म्हणून नाही सांगितलं. खोटं बोलले का मी?"

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बोटं बधिर होणं हा औषधाचा परिणाम आहे. डॉक्टरांना कळलं, तर ते मात्रा कमी करतात, कधी औषध बदलतात. हौसा, बोटं पहिल्यासारखी होतील असं वचन मी देत नाही. पण आपल्या मनानं उपचार सोडू नकोस, आधी त्यांच्यापुढे बोल." मग शिष्येला म्हणाल्या, "आपण गाठीची विचारपूस केली. गाठ जिला झाली, तिची राहिली. या बाईला काय राखायचं आहे, हे तिला न विचारता केलेला आराखडा आपल्या सोयीचा. तिच्या उपयोगाचा नव्हे."

शिष्येनं सुनेकडून कोरा कागद मागून घेतला. "हौसाबाई, तुम्ही सांगा. मी लिहिते."

"लिही. पहिलं डॉक्टरांशी बोटांचं बोलायचं, मग सलाईन. बाजार गुरुवारी असतो, केमोनंतर दोन दिवस मी आडवी असते. तेव्हा केमो सोमवारी जमतो का विचार. बाजारात मी बसणार. बांगड्या सून भरेल, मी बघून सांगेन."

"मी?" सून दचकली. "माझ्या हातून सगळ्या फुटतील, आत्याबाई!"

"आत्ता माझ्या हातून तीन गेल्या. कुणी फासावर दिलं? आणि लिही, मुगाची खिचडी बंद. तिखट नको तर नको, पण ताकात कुस्करलेली भाकरी द्या. आजारी मी आहे, माझी जीभ नाही."

सून रडता रडता हसली.

सोमवारी इस्पितळात शिष्या बरोबर गेली. डॉक्टरांनी कागद चाळत विचारलं, "काय, त्रास काही?" सगळं उत्तर शिष्येच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं आणि हौसाबाईंची खुर्ची थोडी पुढे सरकवली.

हौसाबाई बोलू लागल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांची दहाही बोटं एकेक करून तपासली. औषध बदललं. त्या दिवशी हौसाबाईंनी पाचवा केमो घेतला.

आजाऱ्याच्या घरी जाल, तेव्हा आपलं शहाणपण जरा दाराबाहेर ठेवा. आत बोलायला एक माणूस बसलेलं असतं.