तिवरा नावाच्या मुली आणि बांधाचं वळण

पुन्हा सांगायचं? गेल्या रविवारी एकाला सांगून घसा बसला तो अजून सुटला नाही, आणि आज तुम्ही. कुणीतरी मोबाईलवर टाकलंय म्हणे, मुलींची दुर्मीळ नावं, त्यात आमचं तिवरा. तेव्हापासून पोट पुढे आलेल्या बायका आणि त्यांचे नवरे गाड्या घेऊन तळखारला येतात. अर्थ काय, शुभ आहे का, दुसऱ्या कुणाचं नाही ना? चहा घेत नाहीत, चिखलात चप्पल रुतली की तोंड वाकडं करतात. आणि दुर्मीळ कसलं? या बांधावर उभं राहून एकदा 'तिवरा' म्हणून हाक मारा. ती कोलीम, बारीक सुकी कोळंबी, विकणारी वळून बघेल, शाळेतली बाई बघेल, आणि तिकडे शेणी थापतेय ती म्हातारी शिवी देईल. खाडीपलीकडे मात्र शोधून एक मिळायची नाही.

बसा त्या दगडावर. मध्ये बोलू नका.

हा खारबांध बघा. खाडीचं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. देवळापासून सुतात येतो आणि इथं गुडघा मुडपावा तसा आत वळतो. वळणाच्या बाहेर तिवरांचं रान. तिवर म्हणजे खाऱ्या पाण्यात उभं राहणारं झाड, मुळ्या चिखलातून बोटांसारख्या वर काढतं. मागे एक शिकलेला माणूस आला, म्हणाला, बांधणाऱ्याला सूत धरता येत नसावं. सगळं येत होतं. वळण का घातलं ते ऐका.

फार मागची गोष्ट, गोऱ्या साहेबाच्याही आधीची, असं सांगतात. तेव्हा बांध इथंही सरळच होता. एका उधाणाला याच जागी बांध फुटला, खांड पडली. लोकांनी भरली. पुढच्या उधाणाला गेली. पुन्हा भरली, पुन्हा गेली. खारं पाणी शेतात बसलं की ती जमीन वर्षानुवर्षं भात धरत नाही. गाव कंद उकडून खायला लागलं.

तोडगा नव्हता असं नाही. खांडीची जागा सोडायची, मागे हटायचं आणि आतून वळसा देऊन नवा बांध घालायचा. पण मागे गोमाचं शेत. वडिलांकडून आलेलं, गावात पहिल्या नंबरचं. ते खाडीला सोडायचं म्हटलं की गोमाचा जीव जायचा. आणि आज त्याचं सोडलं तर उद्या आपल्याला सोडायला लावतील, म्हणून बाकीचेही गप्प.

मग गावपाटील हाशा एका भगताला घेऊन आला. भगत घुमला आणि बोलला म्हणे, "खाडीला जीव हवाय. पण नाव नसलेला. ज्याला नाव नाही तो अजून कुणाचा नाही, त्याचं पाप कुणाला लागत नाही."

गावात नाव नसलेला जीव एकच. गोमाची बायको ठमा नुकतीच बाळंत झाली होती, मुलगी होती, बारसं व्हायचं होतं. आणि नाव ठेवायचं तर ते आत्यानं. तो मान दुसऱ्या कुणाचा नाही, आमच्यात आजही नाही. तेव्हा गावानं काय ठरवावं? आत्याला कळवायचंच नाही! आत्या नाही तर नाव नाही, नाव नाही तर पाप नाही. केवढी अक्कल.

ही आत्या म्हणजे गोमाची थोरली बहीण, पदी. खाडीपलीकडे दिलेली. तिला मूल नव्हतं. भावजयीचे दिवस भरले हे तिला ठाऊक होतं, तिनं कुंची शिवून ठेवली होती, आणि ती रोज काठावर येऊन वाट बघायची की होडी येईल, कुणी निरोप आणील. होडी येईना. पलीकडून वाजंत्र्याचा आवाज मात्र आला. पदीच्या अंगाचा तिळपापड झाला. बारसं करतायत, आणि मला सोडून! बापाच्या पाठीमागे ज्याला भरवलं, त्यानं सख्ख्या बहिणीचा मान मोडावा?

ओहोटी होती. ती लुगडं खोचून तशीच पाण्यात शिरली. सगळी वाट ती भांडण जुळवत आली, असं सांगतात. पहिलं काय बोलायचं, भावजयीला काय ऐकवायचं, कुंची कशी तोंडावर फेकायची. मधल्या ओढीत पाय निसटला तेव्हा एका तिवराला धरून उभी राहिली, श्वास घेतला, आणि दोन शिव्या आणखी आठवून पुढे आली.

बांधावर चढली आणि सगळं भांडण तोंडातच राहिलं. खांडीच्या तोंडाशी गाव जमलेलं. मध्ये सूप, सुपात हळदकुंकू लावलेली पोर. ठमाला दोघी बायांनी धरलेलं, तिचा आवाज बसलेला. गोमा जमिनीकडे बघत उभा.

पदीला कुणी काही सांगितलं नाही. सुपाचं तोंड कुठे आहे ते बघून तिला कळलं.

"बाय, तू बाजूला हो," हाशा पाटील म्हणाला. "हा गावाचा मामला आहे."

"गावाचा असेल. पोरीची आत्या मी आहे. मला पाट दिला? पाणी दिलं? कशी रीत आहे रे तुमच्या गावाची?"

"हिला नावच नाही, बाय. ही कुणाची नाही," भगत म्हणाला.

पदीनं पोर उचलली. घरून निघताना तिनं नावाचा विचार केला नव्हता, डोक्यात नुसता राग होता. तिनं खाडीकडे बघितलं. शेतं पाण्यात, बांध पाण्यात, लोकांनी रचलेले दगड पाण्यात. उभं होतं ते मघाचं तिवर तेवढं. तिनं पोरीच्या कानात कुर्र केलं आणि म्हणाली, "तिवरा." मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तिवरा!"

भगत हसला. "झाडाचं नाव? हे काय नाव झालं?"

"खाडीनं तुमचा बांध नेला, गुरं नेली. तिवर नेलं का? मग हिलाही नेणार नाही. आता हिला नाव आहे, पाप लागेल. कोण लोटतो? ये पुढे."

कुणी पुढे आलं नाही. पण कुणी घरीही गेलं नाही. हाशा म्हणाला, "नाव ठेवून बांध उभा राहतो का? उद्या उधाण आहे. आम्ही खायचं काय, ते सांग."

खोटं बोलत नव्हता तोही. पदीनं पोर ठमाच्या ओटीत घातली आणि भावाकडे वळली. आमच्यात बहिणी बापाच्या जमिनीत वाटा मागत नाहीत. जी मागते तिला माहेर तुटतं. पदीला हे ठाऊक होतं, आणि माहेराशिवाय तिला दुसरं होतं काय?

"गोमा, मी आजवर मागितला नाही. आज मागते. बापाच्या शेतातला माझा वाटा दे. खांडीमागचा."

बाया दचकल्या. कुणीतरी "शी!" म्हणालं. पोर बुडवायला निघालेली माणसं, आणि शी कशाला, तर बाईनं वाटा मागितला याला!

गोमानं पहिल्यांदा वर बघितलं. "काय करशील त्याचं?"

"खाडीला देईन. माझा आहे, मी कुणालाही देईन."

गोमा आपल्या शेताच्या कडेला जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "घे, बाय." आणि त्यानंच पहिली कुदळ उचलली, स्वतःच्या शेतात मारली. मग बाकीच्यांना लाज वाटली असावी. पाटी कुणी टाकली नाही म्हणे, उधाण येईपर्यंत. ठमासुद्धा पोर पाठीला बांधून माती वाहत होती.

उधाण आलं. पाणी खांडीतून सोडलेल्या शेतात शिरलं, फिरलं, आणि डबक्यात म्हैस बसावी तसं बसलं. नवा बांध उभा राहिला. पुढे खांडीच्या तोंडाशी सूप ठेवलं होतं त्याच जागी आपोआप तिवर उगवलं, असं सांगतात. त्याचं हे रान. भगताचं काय झालं ते कुणी सांगत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

पदीचं माहेर तुटलं ते तुटलंच. गोमा बोलवायचा, पण बाया तिच्याशी बोलेनात. वाटा मागणारी म्हणायच्या. ती ओहोटीला यायची, झाडं बघायची, भाची धावत बांधावर आली की तिला कुशीत घ्यायची आणि भरतीच्या आधी परत जायची. गावानं पोरींना तिवरा नाव ठेवलं, घरोघर ठेवलं. पदी हे नाव एकीलाही ठेवलं नाही. झाडाचं नाव ठेवायला माणसं भीत नाहीत. वाटा मागणाऱ्या बाईचं ठेवायला भितात. मी यावर पुष्कळ विचार केला. मला याच्यापुढे काही सुचलेलं नाही.

तुम्हाला ठेवायचं तर ठेवा. माझी परवानगी कशाला? पण नाव कानात सांगायला तिच्या आत्याला बोलवा, भांडण असलं तरी बोलवा.

आजही तळखारात मुलगी झाली की आत्या तिला घेऊन या वळणावर येते. कानात आधी तिवरा म्हणते, मग दुसरं जे ठेवायचं ते. बाया विचारतात, "आत्याबाय, वाटा?" आणि ती म्हणते, "घेतला आणि दिला." आजही त्या रानातली फांदी कुणी तोडत नाही. गेल्या ग्रामसभेत मात्र एकानं उठून सांगितलं की वळण काढा, बांध सरळ करा, रान भरून टाका, कोळंबीचं तळं होईल, ती जागा कुणाचीच नाही. मी म्हटलं, ती पदीबायची आहे. तर चार लोकांत मला म्हणाला, म्हाताऱ्याला भ्रम झालाय, खाली बसवा त्याला. ठराव पडला, वळण राहिलं. तो रोज समोरून जातो, मान खाली घालून जातो. त्याला बारशाला कानात नाव सांगितलं ते माझ्याच बहिणीनं. हरेश्वर म्हात्रे, माझाच मुलगा.