एका बोटाची जागा

फार वर्षांमागे घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात एक म्हातारा हाडवैद्य राहत होता. घाटाचा उतार वाईट. उतरताना गाडीमागे लाकडाचा ओंडका बांधावा लागे. तो जमिनीवर घासत येई, म्हणून गाडी बैलांच्या अंगावर जात नसे. घाईत कोणी ओंडका बांधला नाही, की त्याला उचलून म्हाताऱ्याच्या ओट्यावरच आणत. चाळीस वर्षं त्याने गावाची हाडं जोडली. सगळे त्याला आबा म्हणत.

मग गावाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण हाडवैद्य येऊन राहिला. हात हलका, बोलणं गोड. हळूहळू लोक तिकडे वळले. आबाच्या व्याह्यानेसुद्धा मुरगळलेला पाय तिकडेच नेला.

दाढी करता करता न्हावी म्हणाला, "आबा, तिकडं म्हणे दुखतच नाही. ओरडायला तोंड उघडावं, तोवर हाड बसलेलं असतं."

"तू तोंड मीट आणि वस्तरा चालव," आबा म्हणाला. पण ते बोलणं त्याच्या पोटात जळत राहिलं. रोज दारात बसून तो तिकडे जाणाऱ्यांची तोंडं ओळखत बसे.

एका बाजाराच्या दिवशी कुंभाराने मडक्यांची गाडी ओंडका न बांधताच उतारावर घातली. गाडी उलटली, मडकी फुटली, कुंभाराचा उजवा हात कोपराखाली मोडला. लोकांनी त्याला तरुणाकडे नेलं. आबाच्या दारावरून नेलं.

तरुणाने हाड बरोबर बसवलं. उडदाच्या पिठाचा लेप दिला, वर बांबूच्या कामट्या लावल्या आणि पट्टी घट्ट आवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंभारीण नवऱ्याला घेऊन आबाच्या ओट्यापाशी आली.

"आबा, ह्यांची बोटं गार लागतात. निळी पडलीत. जरा बघता?"

आबाने बघितलं आणि त्याला कळलं. उडदाचा लेप वाळला की आवळतो, म्हणून पट्टीखाली एका बोटाची जागा ठेवायची असते. आबाला हे त्याच्या बापाने शिकवलं होतं. तरुणाला कोणी शिकवलं नव्हतं. आत्ता गाठ सोडली, तर हात वाचणार होता.

पण हाडवैद्यांत एक रीत होती. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. ही रीत आबाने आयुष्यात तीनदा मोडली होती, माणूस वाचवण्यासाठी.

"तो काय म्हणतो?" आबाने विचारलं.

"म्हणतात, सूज आहे, उतरेल."

"मग उतरेल."

"आबा, चाक चालतं ते या हातावर. पाया पडते तुमच्या."

"दुसऱ्याची गाठ मी सोडत नाही. रीत आहे."

कुंभारीण गेली. आबा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

आठ दिवसांनी तरुणाने पट्टी सोडली. हाड जागेवर होतं, पण हात मेला होता. बोटं आत वळली होती, ती पुन्हा उघडली नाहीत. कुंभाराचं चाक थांबलं.

"माझं चुकलं कुठं, तेच मला कळत नाही," तरुण म्हणाला. त्याने सगळ्या कामट्या चुलीत घातल्या. "आता कोणाच्या हाडाला हात लावणार नाही."

लोक पुन्हा आबाच्या ओट्यावर आले. आबाला वाटलं, जिंकलो.

पुढच्या साली त्याच उतारावर आबाचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. दुनियेची हाडं बसवणाऱ्याला स्वतःचं बसवता येईना. लोकांनी तरुणाला हाताला धरून आणलं. ओट्याभोवती गाव जमलं. त्यात कुंभारीणही होती.

तरुण मागे सरला. "नको आबा. कुंभाराचं झालं तेच तुमचं होईल."

"मी सांगतो तसं कर. बांध," आबा कण्हत म्हणाला.

तरुणाने हाड बसवलं, लेप दिला, कामट्या लावल्या. तो पट्टी आवळू लागला, तसा आबा भीतीने ओरडला, "थांब! पट्टीखाली तुझं बोट घाल. तेवढी जागा ठेव. लेप वाळला की आवळतो!"

तरुणाचे हात थांबले. "म्हणजे हे चुकलं होतं माझं?"

कुंभारीण पुढे आली.

"तुम्ही त्या दिवशी बघितलं होतं, आबा."

तरुणाने पट्टीखाली बोट घातलं, जागा ठेवली, गाठ मारली आणि निघून गेला.

आबाचं मनगट सरळ जुळलं, पण त्या ओट्यावर पुन्हा कोणी आलं नाही. तरुणाने पुन्हा कामट्या तासल्या आणि लोक त्याच्या दाराशी जाऊ लागले. आबा दारात बसून मनगट फिरवून बघे. समोरून कुंभार डाव्या हातात मोळी धरून जाई. तो जाईपर्यंत आबा मान वर करत नसे.

तात्पर्य: नेणत्याच्या हातून होते ती चूक. जाणत्याने जळफळाटापायी गिळलेला शब्द, ते पाप.